‘जितं मया’ म्हणजे नेमके काय?

टिळकवाडीतल्या आमच्या घरी सुट्टीत पत्त्यांचा डाव रंगला आणि पहिलेच दोन हात एखाद्या नातवाच्या पदरात पडले, की आजी त्याला बजावत असे, ‘‘लगेच जितं मया करू नकोस, डाव अजून संपायचाय.’’ बेळगावातल्या माझ्या लहानपणात हा शब्दप्रयोग मी असंख्य वेळा ऐकला. त्याची फोड मात्र संस्कृतच्या तासाला कळली.

‘जितम्’ हे ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूचे भूतकाळवाचक रूप आहे आणि ‘मया’ ही ‘अस्मद्’ची, म्हणजे ‘मी’ या सर्वनामाची तृतीया, म्हणजे ‘माझ्याकडून’. ‘माझ्याकडून जिंकले गेले’ एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्यात क्रियापद कर्त्यामागे जात नाही, कर्ता बाजूला उभा राहतो, आणि तरीही मराठीने नेमक्या याच वाक्यात आत्मसंतुष्टपणा भरला, याचे मला फार नवल वाटते. खऱ्या विजयाच्या आनंदाला आपण ‘जितं मया’ म्हणत नाही. वादात एखादा मुद्दा खोडून काढल्यावर मूळ प्रश्न तसाच असताना चेहऱ्यावर जे समाधान पसरते, त्यासाठी हा शब्द आहे. शेखी मिरवायला ऐकणारा लागतो, आसुरी आनंदाला दुसऱ्याचे दुःख लागते. ‘जितं मया’ला स्वतःखेरीज कोणीही लागत नाही.

ही रचना मराठीला परकी नाही. ‘मया’चेच वंशज असलेले ‘म्यां’ ज्ञानेश्वरीत भेटते, आणि आजही ‘मी सामना जिंकला’, ‘मी स्पर्धा जिंकली’ असे म्हणताना क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, माझ्याप्रमाणे नाही. शेजारच्या कन्नडमध्ये तसे होत नाही. ‘नानु पंद्य गेद्दे’, म्हणजे मी सामना जिंकला, यातल्या ‘गेद्दे’च्या शेवटच्या ‘ए’कारातच ‘मी’ दडलेला असतो. ‘नानु’ गाळले तरी कोण जिंकले ते कळते. दोन्ही भाषा एकाच गल्लीत कानांवर पडत असल्यामुळे हा फरक मला व्याकरणाच्या पुस्तकाआधी खेळाच्या मैदानावर उमगला.

कन्नड बोलणाऱ्या एका मैत्रिणीने एकदा ‘जितं मया’चा अर्थ विचारला, तेव्हा मी आधी ‘गेद्दे’ असे सांगितले. तो अर्थ अपुरा होता, कारण ‘गेद्दे’ नुसते जिंकल्याचे सांगते. शेवटी मी तिला पत्त्यांच्या डावातला तो नातू आणि त्याच्याकडे चष्म्यावरून पाहणारी आजी वर्णन करून सांगितली, तेव्हा तिला तो कळला.