गॅदरिंगचं नाटक

हुरड्याचे दिवस आले की आमच्या जिंतूरकडच्या शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू व्हायची. डान्स, समूहगीतं, शेलापागोटे सगळं असायचं पण गाव जागं राहायचं ते शेवटच्या नाटकासाठी. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या एकमेकीला लावून वर सतरंज्या टाकल्या की झालं स्टेज, विंगेत प्रॉम्प्टिंगला बॅटरी घेऊन एक सर, आणि माईक एकच, वरून टांगलेला, त्यामुळं ज्याचा डायलॉग असेल तो आधी सरकत सरकत त्याच्याखाली यायचा.

एका वर्षी सरांनीच लिहिलेलं दुष्काळावरचं नाटक बसवलं. शेतकऱ्याचं काम करणारा माझा वर्गमित्र तालमीत नुसता गळा काढून रडायचा. सर म्हणाले, रडू नको, तुझे वडील तालुक्याहून रिकाम्या हातानं येतात तेव्हा काय करतात ते बघून ये. मग पठ्ठ्यानं काय केलं, आला, चपला काढल्या, आपटून धूळ झटकली, डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालत बसला. एक शब्द नाही. गॅदरिंगच्या रात्री हे सुरू झालं आणि बायकांच्या बाजूनं हुंदके यायला लागले. सकाळी वडलांनी त्याला विचारलं, "मी असाच बसतो व्हय रं?" आणि मग सोसायटीचं कर्ज किती राहिलंय ते पहिल्यांदाच त्याला सांगितलं. घरात जे कधी बोललं गेलं नसतं ते नाटकामुळं बोललं गेलं, मला तर नाटकाची याहून मोठी ताकद माहीत नाही.

आणि मराठवाड्यात हे काही नवीन नाही. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद, तिथं म. भि. चिटणीस सरांनी 'युगयात्रा' लिहिलं, कॉलेजच्या मुलांनी केलं आणि खुद्द बाबासाहेबांनी ते पाहिलं. आपल्या वाडवडलांनी जे भोगलं तेच ती पोरं स्टेजवर उभं करत होती, कसं वाटलं असेल त्या पोरांना! पुढं ह्याच शहरातल्या प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णींची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था पार मुंबईपर्यंत पोचली.

आता गॅदरिंगला बहुतेक रेकॉर्ड डान्सच असतात. नाचू द्या की पोरांना, पण एक एकांकिका पाहिजेच. सोयाबीनचा भाव, ऊसतोडीला गेलेले आईबाप, विषयांना काय तोटा आहे? यंदा आम्ही माजी विद्यार्थ्यांनी एक बसवायला घेतलीय, लिहायला पोरांनाच सांगितलंय. गावाकडं असाल तर तालमीला या, संध्याकाळी शाळेतच असतो आम्ही.