जॉर्ज टाउनच्या पडव्यांखाली

शनिवार

जॉर्ज टाउनमध्ये माझा सर्वांत कमी खर्च होतो तो दुपारी बारा ते चार या वेळात, कारण त्या वेळात उन्हामुळे कुठे जाता येत नाही आणि जावेसेही वाटत नाही. हे शहर मलेशियाच्या पिनांग बेटावर, विषुववृत्तापासून जेमतेम पाच-सहा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे इथल्या दमट उकाड्याचे मुंबईकराला नवल वाटू नये. तरीही मुंबईत जी दुपार अंगावर येते तीच इथे सुसह्य होते, आणि त्याचे श्रेय मी इथल्या पडव्यांना देतो. जुन्या शहरातली दुमजली घरे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा रचनेची, एकमेकांना खेटून उभी आहेत. प्रत्येकाचा वरचा मजला रस्त्याच्या बाजूला पुढे आलेला असल्यामुळे त्याखालून छताची वाट तयार होते. तिला इथे ‘काकी लिमा’ म्हणतात. सिंगापूरची वसाहत उभारणाऱ्या रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२२ साली तिथल्या नगररचनेसाठी जे नियम घालून दिले, त्यांत दुकानापुढे अशी वाट सोडणे सक्तीचे होते, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या इतर इंग्रजी वसाहतींतही पुढे हीच पद्धत रुळली.

नियमाप्रमाणे ही वाट पादचाऱ्यांची आहे. प्रत्यक्षात तिच्यावर मोटरसायकली, कुंड्या, लाल रंगाचे छोटे देव्हारे, वेताच्या खुर्च्या आणि त्या खुर्च्यांत डुलक्या घेणारी म्हातारी माणसे असतात, आणि चालणाऱ्याला दर चार घरांमागे उन्हात उतरून पुन्हा वर चढावे लागते. ही बेशिस्त मला फार आवडली. ओसरीवर बसलेल्या माणसाला ‘काय काम आहे’ असे जसे कोणी विचारत नाही, तसेच इथेही आहे. आज मी एका बंद दुकानाच्या पायरीवर दीड-दोन तास वाचत बसलो आणि कोणी मला उठवले नाही.

उतरलो आहे तो चुलिया स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत, अशाच एका जुन्या घराच्या सामायिक खोलीत. खाटेचे रात्रीचे भाडे चाळीस रिंगिट, म्हणजे साधारण आठशे रुपये. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नसल्याने तो खर्च वाचला. क्वालालंपूरहून बटरवर्थपर्यंत रेल्वे आणि पुढे खाडीसारखी चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडायला फेरीबोट, एवढाच प्रवास. शहरात फिरायला कोमटार हा उंच मनोरा आणि वेल्ड की हा बोटींचा धक्का यांच्या दरम्यान एक मोफत बस धावते, पण जुने शहर इतके आटोपशीर आहे की तिची गरज मला पावसातच पडते.

सोमवार

मार्चअखेरच्या हिशेबांनी डोके शिणले म्हणून मी इथे आलो, आणि इथेही वहीत रोजचा खर्च मांडतोच आहे. सवय आहे, जाणार नाही. मात्र त्यामुळे कोपीटियामचा, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानाचा, व्यवहार समजून घेण्यात गोडी वाटली. कोपीटियामचा मालक बहुधा फक्त पेये विकतो. खाद्यपदार्थांच्या गाड्या वेगवेगळ्या लोकांच्या असतात आणि ते मालकाला जागेचे भाडे देतात. म्हणून टेबलाशी बसलात की काहीतरी प्यायला घ्यावे लागते, आणि कुठे कुठे ‘पेय न घेतल्यास पन्नास सेन (अर्धा रिंगिट) जादा’ अशी पाटीच असते. एकदा पेला समोर आला की मात्र सकाळभर बसायला मोकळीक. कॉफीच्या बिया इथे साखर आणि मार्गारीन घालून काळ्याभोर होईपर्यंत भाजतात आणि कापडी पिशवीतून गाळतात. नुसते ‘कोपी’ म्हटले तर आटवलेले गोड दूध घालून मिळते, ‘कोपी-ओ’ म्हटले तर बिनदुधाची. माझ्या टेबलाला रोज कोणी ना कोणी अनोळखी माणूस येऊन बसतो, मान हलवतो आणि चिनी वर्तमानपत्र उघडतो. बोलण्याची सक्ती नसलेला हा शेजार मला कार्यालयातल्या वर्षभराच्या बैठकांनंतर औषधासारखा लागू पडला.

जेवणात सर्वांत मोठा आनंद आसाम लाक्साने दिला; मलाय भाषेत ‘आसाम’ म्हणजे आंबट. तांदळाच्या जाड शेवया, त्यावर माशाचे आंबट-तिखट कालवण, वर अननस, पुदिना, कांदा आणि कोळंबीची दाट काळी चटणी. त्यात वापरतात तो मासा म्हणजे आपला बांगडा किंवा त्याचा सख्खा भाऊ, आणि आंबटपणासाठी चिंचेबरोबर ज्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात, ते फळ कोकमाच्याच प्रजातीतले. कोकणी जिभेला हे घरचे वाटले नसते तरच आश्चर्य. सात-आठ रिंगिटांत पोट भरते. जे मासे खात नाहीत त्यांच्यासाठी लिटल इंडियात केळीच्या पानावरचे तमिळ जेवण आहेच, आणि डाळीबरोबर रोटी चनाई तर कुठल्याही कोपऱ्यावर मिळते.

बुधवार

ज्या खोलीत मी झोपतो तिथे पूर्वी कोण राहत असे, हा प्रश्न गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला पडणारच. १९४८ पूर्वीच्या इमारतींची भाडी इथे कायद्याने गोठवलेली होती. १९९७ साली तो कायदा रद्द करण्याचा कायदा झाला आणि २००० सालच्या आरंभापासून भाडी मोकळी सुटली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच माडीवर राहणारे कारागीर, छोटे दुकानदार आणि त्यांची कुटुंबे शहराबाहेरच्या इमारतींत गेली, अनेक घरे रिकामी पडली. २००८ साली मलाक्का शहराबरोबर जॉर्ज टाउनलाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि त्याच घरांना रंग लागून त्यांची कॅफे, हॉटेले आणि माझ्यासारख्यांसाठी धर्मशाळावजा निवासस्थाने झाली. त्याच २००० सालच्या मार्चअखेरीस महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला, पण त्याने १९४७ च्या कायद्याचे जुने संरक्षण कायम ठेवले. म्हणून आमची चाळ पागडीवर तगली आणि दुरुस्तीअभावी तिचे जिने खचलेही. या दोहोंतला कोणता मार्ग बरा, हे मला ठरवता येत नाही. इथली घरे शाबूत आहेत आणि त्यांतली माणसे गेली. आमच्याकडे माणसे आहेत आणि सज्जे टेकूंवर उभे आहेत. आर्मेनियन स्ट्रीटवर भिंतीवरच्या सायकलस्वार मुलांच्या चित्राजवळ छायाचित्रासाठी रांग लागते. मी ती टाळून पुढे गेलो, कारण त्या गल्लीत खरी मुले खेळताना मला एकदाही दिसली नाहीत.

शुक्रवार

पिनांग हिल या डोंगरावर जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी, रेल्वे १९२३ सालची आहे आणि परदेशी प्रवाशासाठी तिचे तिकीट माझ्या खाटेच्या भाड्याच्या जवळपास जाते, म्हणून मी वनस्पती उद्यानापासून निघणाऱ्या जीपच्या रस्त्याने पायी निघालो. चढ पाचेक किलोमीटरांचा आणि खडा आहे. झाडी दाट असल्याने ऊन लागत नाही, पण घामाने सदरा पिळून काढावा लागला. वाटेत स्वयंसेवकांनी चालवलेला एक थांबा आहे. तिथे चहा आणि बिस्किटे मांडलेली असतात आणि शेजारी देणगीची पेटी असते. पेटीत पाच रिंगिट टाकून बाकावर बसलो, तर बाजूला सत्तरीचे एक चिनी गृहस्थ होते. ते दर आठवड्याला चढतात. मी कुठे उतरलो आहे हे ऐकल्यावर त्यांनी सांगितले की त्यांचा जन्म त्याच भागातल्या एका माडीवरचा, आता मात्र ते मुलाबरोबर बेटाच्या दक्षिण टोकाला, बायान लेपासकडे राहतात. मग त्यांनी खाटेचे भाडे विचारले. मी आकडा सांगताच ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, एका रात्रीचे एवढे? एवढ्यात आमचे महिन्याचे भाडे भागून वर कोपीला पैसे उरायचे.