तुम्ही विचारलंत म्हणून: तो तुटका जॅक कोणाचा?

गिटार दुरुस्तीला घेऊन येणारी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. माझ्या टेबलाच्या वर, मल्टिमीटर टांगतो त्या खिळ्याशेजारी, कॅमेऱ्याच्या रोलची एक जुनी डबी ठेवलेली आहे. तिच्यात गिटारचा एक जॅक आहे, म्हणजे केबल खुपसायचं भोक असतं तो भाग, पत्ती मोडलेला. "काका, हे भंगार कशाला जपून ठेवलंय?" मी सांगतो, एका रॉकवाल्याच्या गिटारचा आहे. मग पुढचे प्रश्न ठरलेले. कोण? सोलापुरात कसा आला? फोटो आहे का? सही? फोटो नाही, सही नाही आणि नाव मी सांगत नाही, म्हटलं की पोरांचे चेहरे पडतात. काहींना मी थाप मारतोय असंही वाटतं. दर वेळी सगळं सांगत बसायला होत नाही, गणपतीच्या आधीच्या महिन्यात तर नाहीच. तेव्हा मंडळांचे ॲम्प्लिफायर दारापर्यंत रचलेले असतात. म्हणून एकदाच नीट लिहितो.

आमचं दुकान नवी पेठेत, वडिलांच्या वेळेपासूनचं. त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, मी ॲम्प्लिफायर करतो. रॉकचं वेड मला चुलतभावामुळे लागलं. तो पुण्याला शिकायला होता, सुट्टीत येताना कॅसेट आणायचा. डिस्टॉर्शनचा, म्हणजे गिटारचा फाटका आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं टेपचं हेड खराब झालंय. मी ते स्पिरिटने पुसलं, परत लावलं, आवाज तसाच. तेव्हा भाऊ म्हणाला, अरे, तो आवाज मुद्दाम तसा काढलाय. ज्या फाटक्या आवाजाची तक्रार घेऊन लोक वडिलांकडे यायचे, तोच आवाज कोणीतरी मेहनतीने घडवतंय, ही गोष्ट माझ्या डोक्यातून आजवर गेलेली नाही.

पुढे मला 'रॉक स्ट्रीट जर्नल' मिळालं. भारतातल्या रॉक बँडांवरचं हे मासिक १९९३ मध्ये सुरू झालं ते अलाहाबादला. मुंबई, दिल्ली, बंगळूर सोडून अलाहाबाद! मला त्याचा फार आधार वाटायचा. गंगेकाठच्या त्या शहरात बसून कोणी हे काढतं, तर सिद्धेश्वर तळ्याच्या काठी बसून मी ते वाचायला काय हरकत आहे? अंक हातात आला की आधी फोटो बघायचो, कोणाच्या हातात कुठली गिटार आहे ते.

मुंबईला 'इंडिपेंडन्स रॉक' हे रॉक बँडांचं संमेलन १९८६ पासून व्हायचं. धोबी तलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन होतं, तिथे मी एकदा रात्रीची गाडी पकडून गेलो. उघड्यावरचं सभागृह, पायऱ्यांवर पोरंच पोरं, मी पार मागे. ज्याच्याबद्दल सांगायचंय तो गिटारवाला मी तिथे पहिल्यांदा पाहिला, म्हणजे काडीपेटीतल्या काडीएवढा दिसला. ऐकला मात्र पूर्ण. पहाटे स्टेशनच्या बाकावर पडलो तरी कानात शिट्टी वाजत होती.

आता ती दुपार. २००४ चा मे महिना, शनिवार. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी शटर अर्धं ओढून एका ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर बदलत बसलो होतो. शटरखालून आधी गिटारची केस आत आली, मग माणूस वाकून आत आला.

"भैया, गिटार का जॅक मिलेगा? लगा के भी देना पडेगा."

मी मान वर केली आणि ओळखलं. मासिकातल्या फोटोंत तो कायम मान खाली घालून वाजवताना दिसायचा, आताही गिटारकडेच बघत होता. चष्मा नवा होता.

पुण्यातल्या कार्यक्रमात आदल्या रात्री त्याच्या गिटारचा आवाज कट मारत होता. हैदराबादला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजवायचं होतं. तिथे पोचेपर्यंत रात्र होणार आणि दुसरा दिवस रविवार. त्यांची गाडी जुन्या पुणे नाक्याजवळ जेवायला थांबली, तिथे कोणीतरी नवी पेठेत जायला सांगितलं. बाकीचे जेवत असताना हा रिक्षा करून एकटा आला होता, न जेवता.

ज्यांनी जॅक आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गिटारला केबल जिथे खुपसतात तो जॅक. आत एक वाकवलेली पत्ती असते, ती केबलच्या टोकाला दाबून धरते. तारांखालच्या पिकअपमध्ये जो काही आवाज तयार होतो, तो सगळा त्या पत्तीतून बाहेर पडतो. वर्षानुवर्षं केबल घालून-काढून पत्ती सैल होते, मग पिचते, मग मोडते. गिटार लाखाची असली तरी पंधरा रुपयांच्या पत्तीवर अडते.

टेबलावर मी सोलापुरी चादरीचा तुकडा अंथरला. जड ॲम्प्लिफायर उलटे करताना मी तोच घालतो. त्याने गिटार त्यावर ठेवली, पण माझ्या हातात दिली नाही. जॅकच्या पट्टीचे स्क्रूही त्यानेच काढले. तारा छेडायचं पिक ओठांत धरलं होतं, स्क्रू एकेक करून माझ्या तळहातावर ठेवत गेला. तेव्हा त्याची डाव्या हाताची बोटं मी जवळून पाहिली. चारही टोकांना घट्टे, आणि घट्ट्यांवर तारांच्या बारीक काळसर रेघा. सोलापूरच्या पूर्वभागातले माझे कितीतरी मित्र मागावर काम करणाऱ्यांच्या घरचे. तुटलेलं सूत जोडून जोडून त्यांच्या वडिलांची बोटं अशीच झालेली. मासिकातल्या एकाही फोटोत ती बोटं मला दिसली नव्हती.

जॅकला दोनच वायरी, एक गरम, म्हणजे आवाज नेणारी, आणि एक अर्थिंगची. उलट्या लागल्या की नुसती घुंईघुंई. जुना सांधा मी सोडवला, वायरींची टोकं साफ केली, नवा जॅक धरला. सोल्डर लावताना तो इतका खाली वाकला की धूर त्याच्या चष्म्यावर गेला. "जादा गरम मत करना," एवढंच म्हणाला. त्याचं बरोबर होतं. आतली वायर जुनी, तापली की इन्सुलेशन वितळतं. माझा हात त्या दिवशी जरासा कापत होता, म्हणून मी कोपर टेबलाला टेकवलं. पंचवीस वॅटच्या सोल्ड्रॉनने, म्हणजे सोल्डर वितळवायच्या कांडीने, असे सांधे मी दिवसाला पन्नास करत असेन, पण एवढं लक्ष लावून केलेला दुसरा आठवत नाही.

सांधा निवल्यावर त्याने गिटार दिव्याकडे तिरकी केली. "चमक रहा है," म्हणाला. दुरुस्तीतल्या माणसाला हे कळेल. सोल्डर निवताना हललं किंवा ताप कमी पडला तर सांधा राखाडी, निस्तेज दिसतो, त्याला आम्ही ड्राय म्हणतो. वरून चिकटलेला वाटतो, आतून कधीही दगा देतो. चांगला सांधा आरशासारखा चमकतो. हे त्याला माहीत होतं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद.

मग त्याने गिटार माझ्या टेस्टिंगच्या ॲम्प्लिफायरला लावली. तो अहुजाचा, सभा-मिरवणुकांत भाषणासाठी वापरतात तसला. रॉकसाठी कोणी घेणार नाही. आधी जाड तार उघडी छेडली, दुसऱ्या हाताने केबल हलवून पाहिली. कट नाही. सगळ्या तारा लावून घेतल्या. आणि मग मिनिटभर, फार तर दीड मिनिट, काहीतरी संथ वाजवलं. त्यांच्या कुठल्याच गाण्यातलं नव्हतं. बाराव्या पडद्यावर त्याने एक तार ओढली आणि तो स्वर वर चढत, थरथरत टिकला. शेजारच्या साडीच्या दुकानातले शेठ शटरखालून डोकावले आणि काही न बोलता तिथेच उकिडवे बसले. रंगभवनात मी मागच्या पायरीवर होतो. इथे त्याचं बोट माझ्यापासून हातभरावर होतं.

माठातलं पाणी दिलं, दोन तांबे प्यायला. "आप बजाते हो?" विचारलं. मी म्हटलं, थोडंसं, दुरुस्त जास्त करतो. किती झाले? पस्तीस. पंधरा जॅकचे, वीस मजुरीचे. त्याने पन्नास दिले, मी पंधरा परत दिले, त्याने मोजून खिशात टाकले. जुना जॅक टेबलावरच राहिला. मी दाखवला तर म्हणाला, फेक दो. रिक्षात तो गिटार मांडीवर आडवी घेऊन बसला, केसचं टोक बाहेर आलं होतं. दत्त चौकाकडे वळेपर्यंत मी उन्हात उभा होतो. सगळं मिळून पंचवीस मिनिटं.

आता तुमचा प्रश्न: ओळखलं होतं तर बोलला का नाहीत? सही का घेतली नाही? समोरच फोटो स्टुडिओ होता, फोटो का काढला नाही?

तो माझ्याकडे काम घेऊन आला होता. दमलेला होता, उपाशी होता, उद्याच्या कार्यक्रमाची काळजी होती. मी "सर, मी तुमचा फॅन" म्हटलं असतं, की त्याला लगेच रॉकवाला व्हावं लागलं असतं. हसावं लागलं असतं, काहीतरी चांगलं बोलावं लागलं असतं. आणि मी कारागीर होतो तो चाहता झालो असतो. तोवर त्या टेबलावर आम्ही दोघं एका सांध्याकडे बघणारी दोन माणसं होतो. मला ते मोडायचं नव्हतं. त्याचं मला इतकं मिळालं होतं, कॅसेटमधून, रंगभवनातून. त्या दुपारी मला त्याला काहीतरी देता आलं. सही मागून मी परत घेणाराच झालो असतो.

फोटो काढणाऱ्यांबद्दल मला राग नाही, गैरसमज नको. १९६८ मध्ये इंग्लंडचा गाजलेला बँड बीटल्स, म्हणजे त्यातली मंडळी, ऋषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले होते. तिथे पॉल साल्ट्झमन नावाचा एक कॅनडाचा तरुण पोचला, मन दुखावलं होतं म्हणून ध्यान शिकायला. आश्रमात त्यांच्यासोबत काही दिवस राहायला मिळालं, साध्या कॅमेऱ्याने त्याने त्यांचे फोटो काढले. त्यातले बरेच पुढे जगभर गेले. पण तोवर तीसएक वर्षं ते फोटो त्याच्या घरात एका खोक्यात पडून होते. मला त्या खोक्याबद्दल फार आपुलकी वाटते. जवळ असणं पुरेसं होतं त्याला.

१९७२ मध्ये लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या डिस्कोत वाजवलंही. त्या रात्री तिथे असलेली माणसं ही गोष्ट म्हातारपणीही सांगतात. आणि आपल्या पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत फारूख बलसारा नावाचा मुलगा मित्रांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा. तोच पुढचा क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. त्या वसतिगृहातल्या पोरांनी तर कोणाला भेटतोय हे ठाऊक नसतानाच त्याला भेटून घेतलं.

सगळ्यात आवडती आठवण मात्र माझ्या एका मैत्रिणीची. ती इथे शाळेत शिकवते. मुंबईला शिकत असताना एकदा रंगभवनाबाहेरच्या गल्लीत उभी होती. एका बँडचा बेस गिटार वाजवणारा धावत बाहेर आला आणि तिला म्हणाला, टाइम क्या हुआ? ती म्हणाली, साडेनऊ. तो तसाच पळत आत गेला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम तेव्हा नुकताच आला होता. राहिलेली गाणी त्यांना अर्ध्या तासात बसवायची होती. बस, एवढीच भेट. ते घड्याळ आता चालत नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आणलं होतं, मी घड्याळं करत नाही म्हणून परत नेलं. पण ते सांगताना ती मनगट असं पुढे करते की आत्ता कोणीतरी वेळ विचारली आहे.

नावाचं म्हणाल तर वडिलांचा दंडक होता. दुरुस्तीला आलेली वस्तू कोणाची, हे शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. तो माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आला होता आणि त्याने पस्तीस रुपये मोजले होते. रागावू नका, हा दंडक मी मोडणार नाही.

हैदराबादचा कार्यक्रम कसा झाला ते मला कळलं नाही. दुरुस्त केलेली वस्तू परत आली नाही म्हणजे चालतेय, असं आम्ही धरतो. परवा एक मुलगी पिकअप बदलायला आली होती. तिने डबी उघडून जॅक हातावर घेतला, मोडकी पत्ती बोटाने दाबून पाहिली आणि विचारलं, तो परत भेटला तर काय बोलाल?

जॅक तोच आहे का, विचारीन.