आमची वाटचाल : आवाज फुटेपर्यंत

आमच्या पाटीवर 'बालनाट्यसंगीत वर्ग' एवढंच लिहिलंय. बँकेत चालू खातं उघडायला गेले तेव्हा फॉर्मवर 'व्यवसायाचं स्वरूप' असा रकाना होता. मी लिहिलं, मुलांचं समूहगायन. समोरच्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय विकता?" त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज सांगता येईल. आमचा माल म्हणजे आवाज, आणि मुलगा असला तर तो तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो.

सुरुवात १९९७ ची. सांगलीच्या गावभागातलं आमचं जुनं घर, माजघरात पेटीचा क्लास. मामंजी पेट्या दुरुस्त करायचे. मोडलेल्या एका नाटक कंपनीची पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची मोठी पेटी, बिलापोटी त्यांच्याकडे राहिली होती. मी मुलांना सरगम घोटवायचे आणि मुलं खिडकीतून कृष्णेकडे जाणाऱ्या म्हशी मोजायची. त्या वर्षी गणपतीत शेजारच्या मंडळाला दहा मिनिटांचा कार्यक्रम हवा होता. माझ्याकडे सात मुलं, आणि सातांपैकी एकालाही धड पेटी वाजवता येत नव्हती. मग म्हटलं, गाऊ दे. पायपेटी मी घेतली, मुलांकडून 'शाकुंतल' नाटकाची नांदी, म्हणजे सुरुवातीचं देवाचं गाणं, म्हणवून घेतली. मंडळाने २५१ रुपये, नारळ आणि पेढ्यांचा पुडा दिला. पुढच्या आठवड्यात आणखी दोन मंडळांची माणसं दारात.

पेटीचा क्लास तिथंच संपला. मामंजी महिनाभर फारसं बोलले नाहीत.

सांगलीत नाटकाचा धंदा करायचा तर एक फायदा असतो, इतिहास कुणाला शिकवावा लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. पण त्या नाटकांत पदं म्हणायचा तो सूत्रधार, पात्रं आपली प्रसंग बघून बोलायची. पात्रांच्या तोंडी गाणं ठळकपणे आलं ते अण्णासाहेब किर्लोस्करांमुळे, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात, शाकुंतलाच्या पहिल्या चार अंकांत. पुणेकर पालक भेटले की हे मुद्दाम सांगतात. मी म्हणते, बरोबर आहे, पण सदतीस वर्षं आधी पडदा उघडला कुणी?

आम्ही नांदी धरली ती सोय म्हणून. एकट्याला गायला पाच वर्षांची तयारी लागते. नांदीत सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, देवाला हात जोडायचे आणि एका सुरात गायचं. पण वीस मुलं एका सुरात आणणं म्हणजे काय, हे पुढे कळलं. आपल्याकडे शिकवणी एका गुरूची एका शिष्याला. समूहाचा श्वास कुठं तोडायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी एका ठिकाणी श्वास घेतला की गाण्याला खड्डा पडतो. म्हणून आम्ही 'चोरटा श्वास' काढला : शेजारचा गात असेल तेव्हा तू घे, तू गात असशील तेव्हा तो घेईल. रांगेत एकाआड एक खूण ठरलेली. मोठ्या मुलांना हे जमत नाही, सात-आठ वर्षांच्यांना लगेच जमतं. लपाछपीत तेच तर करतात.

पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरायचा. अगदी लहानांची तुकडी असली तर काळी पाच. पालक म्हणतात, एवढं वर कशाला? मुलांचा गळा खाली ओढला की तो घोगरा होतो आणि मूल बोलल्यासारखं गायला लागतं, म्हणून. आणि उच्चार! इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा 'ळ' सुटता सुटत नाही. पहिले पंधरा दिवस गाणं नाहीच, फक्त 'काळा कावळा, पिवळा पोपळा' असलं काहीतरी. पोपळा म्हणजे काय, असं अजून एकाही मुलाने विचारलेलं नाही.

२००३ पासून नांदीच्या पुढे गेलो. देवलांची 'शारदा' १८९९ ची, आणि देवल आमच्या हरिपूरचे, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावरचे. त्यातला मैत्रिणींचा घोळका म्हाताऱ्या नवरदेवाची टिंगल करतो तो प्रसंग मुलांच्या समूहासाठीच लिहिल्यासारखा आहे. फक्त गाण्यात त्या म्हाताऱ्याचं वय 'पाऊणशे' म्हटलंय ते किती, हे आधी फळ्यावर लिहून दाखवावं लागतं. एका मुलीने मला सातशे पन्नास सांगितले होते. बालविवाहाच्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात तो या नाटकावरून, असंही पुष्कळ पालक समजतात. तो १९२९ चा कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा. पण चूक इतकी गोड आहे की कार्यक्रमाच्या निवेदनात ती दुरुस्त करताना मलाच वाईट वाटतं.

त्या काळी शारदा मुलगेच करायचे. केशवराव भोसल्यांनी लहानपणी केली. आमच्याकडे उलटं झालंय. बेचाळीस मुलांत मुलगे नऊ. त्यामुळे म्हातारा नवरदेव भुजंगनाथ मुलगी, शारदेचा बाप कांचनभट मुलगी, लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित तर अशी मुलगी की तिची मिशी दर प्रयोगात निम्मी लोंबते आणि नेमका तिथंच वन्स मोअर येतो.

मुलगे कमी, आणि आहेत त्यांचा आवाज जाणार. मी एक वही ठेवली आहे. नाव, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात आवाज कधी बदलला. १९९७ पासून एकतीस नोंदी आहेत. ही अडचण आमची एकट्याची नाही, जुन्या मुलांच्या कंपन्याच तिच्यावर उभ्या होत्या. दामूअण्णा जोशांची बालमोहन ही मुलांची कंपनी. सौदागर गोरे, म्हणजे पुढचे छोटा गंधर्व, तिथंच घडले. मुलं मोठी होत गेली तशी कंपनीही मोठ्यांच्या नाटकांकडे वळली, १९३३ मध्ये अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' तिनेच आणलं. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर कंपनीतून बाहेर पडून १९१८ मध्ये 'बलवंत' ही स्वतःची कंपनी उभी करतात तेव्हा त्यांचं वय सतरा. सतराव्या वर्षी कंपनी! आमच्याकडे सतरा वर्षांचा मुलगा नीटची तयारी करत असतो आणि आई फोनवर सांगते, "बाई, दोन वर्षं गाणं बंद."

आवाज फुटला की काय करायचं, हे मी चुकतमाकत शिकले. पहिल्या मुलाला मी सरळ सांगितलं होतं, आता येऊ नकोस. तो जिन्यात बसून रडला. त्याची आजी दुसऱ्या दिवशी येऊन मला पोटभर बोलली, आणि बरोबर बोलली. आता असा मुलगा आधी शेवटच्या रांगेत जातो, खालच्या सप्तकात गुणगुणतो. जमलं नाही तर झांजा. झांजा नको असतील तर विंगेत, पडद्याच्या दोरीवर. तो रडणारा मुलगा आज आमचा ध्वनिसंयोजक आहे आणि माइक कुठं ठेवायचा यावरून माझ्याशी रोज भांडतो.

मध्यंतरी डोक्यात विलायती वारं शिरलं होतं. ऑपेरात मुलांचा वेगळा कोरस असतो. बिझेच्या 'कार्मेन'मध्ये (१८७५) पहिल्याच अंकात शिपायांच्या मागे रस्त्यावरची पोरं तोंडाने बिगुल वाजवत कवायत करतात. पुच्चिनीच्या 'ला बोहेम'मध्ये (१८९६) खेळणीवाल्यामागे गलका करतात. हे बघून मी बेत केला : निम्मी मुलं वरच्या सुरात, निम्मी खालच्या, दोन्ही एकाच वेळी. तीन महिने तालीम केली. भावे नाट्यमंदिरात प्रयोग झाला. मध्यंतरात एक आजोबा आत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, डावीकडची पोरं जरा बेसूर होतायत, बघा." पुढच्या प्रयोगाला सगळे एका सुरात. कवायत मात्र ठेवली. आमची मुलं प्रेक्षकांतून चालत, तोंडाने तुतारी वाजवत येतात, आणि मंचावर पोचली की नांदी सुरू होते.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात आमच्या माजघरात छातीएवढं पाणी. कपडेपटाच्या दोन ट्रंका माळ्यावर नेल्या होत्या, त्या वाचल्या. खाली राहिली ती पायपेटी, चौघांशिवाय हलत नव्हती. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आडवी, चिखलाने भरलेली. भात्याचं कापड कुजलेलं, लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या. मिरजेच्या कारागिरांकडे टेम्पोतून नेली. त्यांनी सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, एकेक काढून धुतले, घासून पुन्हा मिळवले, भाता नवा घातला. सात महिने लागले. नवीच घ्या, असं सगळे म्हणत होते, आणि हिशेबाने ते खरं होतं. खालच्या सप्तकातला एक धैवत तरी बोलेनाच. तो अजूनही बोलत नाही. तो सूर आला की मी तबल्याच्या मास्तरांकडे बघते आणि ते एक ठेका जोरात मारतात.

पेटी घरी आली मार्च २०२० मध्ये, आणि टाळेबंदी लागली. फोनवर सगळ्यांनी एकत्र गाणं होत नाही, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचतो. मुलांनी घरोघरी तंबोऱ्याच्या ॲपवर गाऊन पाठवायचं आणि ध्वनिसंयोजकाने ते जोडायचं, असं वर्षभर चाललं. मागे कुकरच्या शिट्ट्या. त्या काळात फी घेतली नाही, मागायला तोंडही नव्हतं.

आता हिशेब असा. फी महिना ६०० रुपये. तेवढ्यात जागेचं वीजबिल, मास्तरांचं मानधन आणि डबा एवढंच भागतं. खरं उत्पन्न गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं आणि नोव्हेंबरचा रंगभूमी दिन यांतून. कपडेपटही भाड्याने देतो : लहान मापाची नऊवारी, पगड्या, उपरणी, टोप. पगड्यांना मागणी सगळ्यात जास्त आणि परत येतात त्या सगळ्यात वाईट अवस्थेत. शाळांनी कृपा करून पगडीत चॉकलेटं वाटू नयेत.

नवी तुकडी दसऱ्याला सुरू होते, वय सहा ते अकरा. मुलगे येत नाहीत म्हणून मुलग्यांना पहिले तीन महिने फी नाही. बारा वर्षांचा आणलात तरी नाही म्हणणार नाही. मात्र त्याला नांदीत कुठल्या रांगेत उभा करायचा, ते दिवाळीनंतर ठरवू.