अडीच फुटांचा ओटा, तीस फुटांचा उतार

माझ्या सेंटरच्या टेबलावर प्रिंटरशेजारी शिलाईचा एक पिवळा टेप पडलेला असतो. फोटो काढायला आलेली लेकरं त्याच्याशी खेळतात. तो आईचा आहे. तिनं त्यानं गावातल्या किती पोरींचे ब्लाऊज मापले असतील, गणती नाही. मी त्यानं ग्रामपंचायत मापली.

वर्धा नदीच्या काठाला आमचं तीनेकशे घरांचं गाव. काळी जमीन, पऱ्हाटी आणि तूर. मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. गावात त्याला अजून सेतूच म्हणतात. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, निराधारचा अर्ज, दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे सरकारी ओळखपत्राचा फॉर्म, सगळं माझ्याकडे येतं. त्यामुळे गावात कोणाला काय कमी आहे, हे आशाताईच्या खालोखाल मलाच ठाऊक असतं. गावात दिव्यांग एकूण १९ जण आहोत आम्ही. पण २०२२ पर्यंत हे १९ जण कधी एका जागी बसलेले मी पाहिले नव्हते.

त्या वर्षी जूनमध्ये वर्ध्याला एका संस्थेचं नेतृत्व प्रशिक्षण सुरू झालं. आठ महिने, दर महिन्याला दोन दिवस. पहिल्या वेळी आई सोबत आली, नंतर मी एकटीच एसटीनं जाऊ लागले. आम्ही २२ जण होतो. निम्मे माझ्यासारखे, निम्मे आईबाप. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आर्वीकडची एक बाई यायची. तिचा मुलगा दुपारी सतरंजीवर झोपायचा आणि ती वहीत लिहीत राहायची.

शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की या धर्तीचं प्रशिक्षण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९८७ साली सुरू झालं. लहान दिव्यांग मुलांचे पालक आणि मोठी दिव्यांग माणसं एकाच वर्गात बसवायची आणि कायदा कुठे ठरतो, पैसा कोण ठरवतो, त्या माणसासमोर जाऊन कसं बोलायचं, हे शिकवायचं. तिथल्या बाया थंडीत बर्फ तुडवत जात असतील, आम्ही जूनच्या उकाड्यात पंख्याखाली दाटीनं बसलो होतो. पण त्या आर्वीच्या बाईचा आणि त्यांचा प्रश्न तोच होता: माझ्यामागं याचं काय? हा प्रश्न मी आजवर फक्त माझ्या आईच्या तोंडून ऐकला होता, आणि तोही रात्री, मी झोपले असं समजून बाबांशी बोलताना.

तिथं मी माझं म्हणणं दोनच मिनिटांत मांडायला शिकले. आधी मी बोलायला उभी राहिले की माझं दुःख सांगायची, लोक हळहळायचे आणि बसा ताई म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, तुझं मागणं कोणतं ते पहिल्या वाक्यात सांग, कायद्याचं कलम दुसऱ्यात, आणि कधीपर्यंत ते तिसऱ्यात. दुःख शेवटी, वेळ उरला तर. हे शिकायला मला चार महिने लागले.

घरचा अभ्यास असायचा. एकदा सांगितलं, आपल्या गावातल्या तीन सरकारी इमारती मापून आणा. आईचा टेप घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले. ओट्याची उंची अडीच फूट, समोर पाच पायऱ्या. बाजूला रॅम्प होता. कागदावर तो ‘रॅम्प उपलब्ध’ असाच लिहिलेला. लांबी सात फूट, कठडा नाही. मी तीस वर्षं त्या गावात राहते आणि त्या रॅम्पवरून एकदाही चढले नव्हते, पावसात तर उतरायची हिंमतच नव्हती. मला वाटायचं माझ्याच पायात जोर नाही. वर्ध्याला गेल्यावर कळलं की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. अडीच फुटांच्या ओट्याला तीस फूट. त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या पायावर मी इतकी वर्षं जो दोष घालत होते तो तेवीस फूट सिमेंटचा होता.

थोडं शब्दाबद्दल. २०१५-१६ पासून सरकारी कागदावर दिव्यांग हा शब्द आला. आमच्या गावात मला मागून लंगडीच म्हणत, आणि ज्यांच्या नावापुढं ‘आंधळे’ लागायचं ते बुढेबाबा तर साऱ्या पंचक्रोशीत त्याच नावानं ओळखले जायचे. मला दिव्यांग हा शब्दही फारसा भावत नाही, माझ्या पायात दिव्य असं काही नाही आणि तो तसा असायची गरजही नाही. पण हक्काचे कागद त्या शब्दावर निघतात म्हणून मी तो वापरते. मात्र चारचौघांत मुद्दाम अपमान करणं २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात गुन्हा आहे, कलम ९२. हे मी सेंटरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत छापून लावलं. कोणावर तक्रार केली नाही. लागलेला कागद लोक वाचतात.

डिसेंबर २०२२ मध्ये प्रशिक्षण चालू असतानाच राज्यात दिव्यांग कल्याण हा वेगळा विभाग झाल्याची बातमी आली. वर्गात पेढे वाटले. मॅडमनी पेढा खाल्ला आणि विचारलं, तुमच्या ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी गेल्या तीन वर्षांत कुठं गेला, कोणाला माहीत आहे? २२ जणांत एकाचाही हात वर झाला नाही.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचा कर, असं. वित्त आयोगाचा पैसा त्यात येत नाही. जानेवारीत प्रशिक्षण संपलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. पहिल्या वर्षी ‘साहित्य वाटप’, म्हणजे प्रत्येकी एक चादर. माझ्याही घरी आहे ती. पुढच्या दोन वर्षांपुढं एकच शब्द होता: निरंक, म्हणजे खर्च शून्य. दोन वर्षांचे मिळून तीसेक हजार व्हायला हवे होते.

मी सेंटरपुढच्या शेडमध्ये सगळ्या १९ जणांना बोलावलं. १४ आले. वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा, ऐकू न येणारा एक पोरगा आपल्या बहिणीला घेऊन आला. ती त्याच्याशी घरच्या खुणांनी बोलते. मी टेपाचं माप सांगितलं, निधीचा आकडा सांगितला आणि म्हटलं, या पैशात आपण ग्रामपंचायतीला नीट रॅम्प बांधून घेऊ. मला वाटलं सगळे हो म्हणतील.

बुढेबाबा उठून उभे राहिले. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, वय सत्तरच्या पुढं. म्हणाले, "माह्या पाच टक्क्यातनं उतार कायले बांधता? कचेरी त्यायची, पायऱ्या त्यायनं बांधल्या, त उतारबी त्यायनंच बांधावं. मले माह्ये पैसे द्या."

आणखी दोघीतिघी त्यांच्या बाजूनं बोलल्या. मी चिडले. मनात आलं, यांना स्वतःपुरतंच दिसतं. बैठक तशीच मोडली. रात्री मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं, त्यांनी मला धीर द्यावा या आशेनं. त्या म्हणाल्या, बाबा बरोबर बोलले. सार्वजनिक इमारत सगळ्यांना वापरता यावी ही जबाबदारी कायद्यानं इमारत ज्यांची त्यांच्यावर टाकली आहे. तो खर्च विकास आराखड्यात धरायचा असतो. तुमचा पाच टक्के त्यात घालायला तुम्हीच निघालात.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं, आणि कायद्याचा गाभा बुढेबाबांनी बोट ठेवून दाखवला. सकाळी त्यांच्या घरी जाऊन मी त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, तो विषय काढलाच नाही.

१ मेची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. ऊन ४४ च्या पुढं, कडुनिंबाखाली वीस माणसं. १५ ऑगस्टला मात्र आम्ही ठरवून गेलो. आमचे १९ जण आणि प्रत्येक घरातली तीन-चार माणसं, तेवढ्यानंच सभा अर्धी भरली. बायांनी निंदणाचा रोज बुडवला होता, हे मी विसरत नाही. दोनशे-अडीचशे रुपये सोडून त्या माझ्यासाठी ओल्या पटांगणात बसल्या होत्या.

मी दोन मिनिटांत बोलले. मागची दोन वर्षांची बाकी आणि चालू वर्षाचा निधी दिव्यांगांच्या खात्यात जमा करावा, यादी ग्रामसभेत वाचावी. समोरून कोणी तरी म्हणालं, "आतापर्यंत अपंगायचं काही अडलं का गावात?" मी उत्तर द्यायच्या आत वेल्डिंगवाल्या पोराची बहीण उठली. म्हणाली, "माह्या भावाले हे सभा काय आहे तेच आजवर कोनी सांगतलं नाही. त्याचं अडलं का नाही हे तुमाले कसं समजलं?" सभा गप्प झाली. ती वर्ध्याच्या वर्गात कधीच बसली नव्हती.

सूचक मी, अनुमोदक बुढेबाबा. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून होईपर्यंत आम्ही उठलो नाही, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावलं. २ ऑक्टोबरच्या सभेत रॅम्प विकास आराखड्यात घातला. पैसे दिवाळीच्या आधी जमा झाले, प्रत्येकी दोन हजारांच्या थोडे वर. रॅम्पला मात्र जानेवारी २०२५ उजाडला.

मिस्त्री गावातलाच. आधी म्हणाला, "तीस फूट जागा कुठून आनू वो ताई? रस्त्यात जाईन ते." मग आम्ही दोघांनी चुन्यानं जमिनीवर रेघा मारल्या. पंधरा फूट भिंतीला लागून, तिथं व्हीलचेअर वळेल असा पाच फुटांचा सपाट ओटा, आणि परत पंधरा फूट. त्यानं स्वतःच्या मनानं कठड्याचा पाईप शेवटाला एक फूट पुढं काढला. म्हणाला, बुढेबाबाच्या हाताले आधीच लागाले पायजे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आता त्याच रॅम्पवरून खताची पोती, पाण्याच्या कॅन आणि बाळंतिणी चढतात.

एक गोष्ट मात्र अजून चालू आहे आणि ती मला जास्त छळते. शेजारच्या गावातली अकरा वर्षांची मुलगी, तिला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात सिकलसेल आला. पण या मुलीचे हातपाय धड दिसतात. थंडीत किंवा उन्हात पाणी कमी पडलं की हाडांत अशी कळ येते की ती रात्रभर ओरडते, आणि चार दिवसांनी शाळेत गेली की ऐकावं लागतं, नाटकं करते. तिचे वडील तिला घेऊन दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला गेले तर दुसऱ्या मजल्यावरच्या वैद्यकीय बोर्डातून परत पाठवलं, हा आजार आहे, अपंगत्व नाही. दुसऱ्या वेळी मी सोबत गेले. कुबडी टेकत दोन जिने चढले आणि कायद्याच्या अनुसूचीचं पान टेबलावर ठेवलं. तपासणी झाली, कागद पुढं गेला, कार्ड अजून आलेलं नाही.

शाळेत मात्र आम्ही कार्डाची वाट पाहिली नाही. मुख्याध्यापकांना अर्ज दिला: बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यावी, लघवीला लागलं की न विचारता जाऊ द्यावं, कवायतीत पळवू नये, कळ आली त्या दिवसांचा अभ्यास नंतर करून घ्यावा. यात एक पैशाचा खर्च नाही. तीन गोष्टी मान्य झाल्या. चौथीसाठी मी पुन्हा जाणार आहे.

आमच्या २२ जणांतल्या सगळ्यांचंच असं झालं नाही. काही जण फोनही उचलत नाहीत, दोघी लग्न होऊन गेल्या. आर्वीची बाई मुलाला अंगणवाडीच्या सेविकेच्या हाती तासभर सोपवण्यापर्यंत आली, आणि ती सांगते की तो तास तिच्या आयुष्यातला पहिला मोकळा तास होता. मला तो माझ्या तीस फुटांपेक्षा मोठा वाटतो.

गेल्या आठवड्यात बुढेबाबा सेंटरवर आले. म्हणाले, चाल माह्यासंगं कचेरीत. दोघं रॅम्पवरून चढलो, ते पुढं, कठड्यावर हात ठेवून. टेबलापाशी जाऊन त्यांनी धोतराच्या सोग्यातली गाठ सोडली आणि तीन वर्षांची थकलेली घरपट्टी मोजून ठेवली. कर्मचारी म्हणाला, बाबा, तुमचा तर कोणी तगादाच केला नव्हता. ते म्हणाले, "वसूल झाला त पाच टक्के वाढते ना? गल्लीतल्या चार घराईले सांगून आलो." पावती फाडून त्यानं पुढं केली. बाबांनी हात पुढं केला नाही.

"वाचून दाखव पह्यले," ते म्हणाले. "किती लिहिलं?"