तुम्ही विचारलंत म्हणून: वादळात येशू झोपला कसा?

हा प्रश्न इतक्यांदा आलाय की म्हटलं आता एकदा बसून लिहूनच टाकूया. रोज सकाळी मी बायबलमधलं एक वचन आणि त्याखाली चार ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, वाडीतले ख्रिस्ती वाचतात आणि ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही असे बंदरावरचे मित्रपण वाचतात, खरं सांगायचं तर प्रश्न त्यांनाच जास्त पडतात. मार्कच्या सुवार्तेतलं, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातलं, चौथ्या अध्यायातलं वादळ टाकलं की संध्याकाळपर्यंत विचारणा आलीच. शेजारचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, तर तोंडावरच विचारतो, "मास्तरानू, होडयेत पाणी भरताहा आणि तुमचो देव झोपलो कसो?"

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिवसभर होडीत बसून येशूने लोकांना दाखले सांगितले, संध्याकाळ झाली तेव्हा म्हणाला चला, पलीकडे जाऊ. निघाले. मोठं वादळ आलं, लाटा आत यायला लागल्या, होडी भरायला लागली, आणि हा मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. शिष्यांनी उठवलं, गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काहीच वाटत नाही का? तो उठला, वाऱ्याला दटावलं, समुद्राला म्हणाला शांत हो, आणि सगळं निवळलं. मग त्यांना म्हणाला, एवढे का घाबरलात, अजून विश्वास नाही का?

आता हे गालील. म्हणतात समुद्र, पण आहे गोड्या पाण्याचं तळं, लांबी साधारण 21 किलोमीटर आणि रुंदी 13, म्हणजे मालवणहून देवगडपर्यंतसुद्धा पोचणार नाही. त्यामुळे आमच्याकडे काहीजण हसतात, तळ्यात कसलं वादळ. पण ते तळं समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून जास्त खाली आहे, भोवती डोंगर, वारा वरून खाली उतरतो तो अचानक. आणि होड्या लहान. 1986 साली पाणी खूप आटलं तेव्हा तिथल्या चिखलात साधारण त्याच काळातली एक होडी सापडली, जेमतेम सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद. येशू सोडून बारा शिष्य त्यात बसवून बघा, काठ पाण्यापासून किती वर राहील.

शिवाय त्या बारातले चार तर धंद्यानेच मासेमार, पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान. हे लोक त्याच पाण्यावर वाढलेले. आमच्या बंदरावरचा मुरलेला खलाशी जेव्हा "आता काय खरा नाय" म्हणतो ना, तेव्हा खरोखरच काही खरं नसतं. भित्री माणसं उगाच ओरडली, असं प्रवचनात ऐकवतात ते मला कधीच पटलेलं नाही.

आता झोपेचं. मी उलट तांडेललाच विचारलं, तुमच्या ट्रॉलरवर खलाशी कसे झोपतात? तो म्हणाला, जाळ्याच्या ढिगावर, कुठेही, इंजिन डोक्याशी धडधडत असतं तरी घोरतात, आणि इंजिन बंद पडलं की मात्र सगळे टुणकन उठून बसतात. कारण सुकाणूवर कुणीतरी जागं आहे हे त्यांना ठाऊक असतं. मला हे फार आवडलं. मार्क सांगतो की शिष्यांनी येशूला "होता तसाच" होडीत घेतलं, म्हणजे दिवसभर बोलून दमलेला, ना कपडे बदललेले ना काही. हा सुतार माणूस, होडी त्यांची, पाणी त्यांच्या ओळखीचं, त्याने स्वतःला त्यांच्या हातात दिलं आणि पडला. सुवार्तेत येशू झोपलेला दिसतो तो फक्त ह्या एकाच प्रसंगात. आपण नेहमी म्हणतो आम्ही देवावर भरवसा ठेवला, इथे देवाने चार मच्छीमारांवर भरवसा ठेवून डोळे मिटलेत! तो माणूस होता हे आम्ही दर रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, म्हणतो, पण दमून झोपला म्हटलं की दचकतो.

बायबलमध्ये वादळात झोपलेला आणखी एक आहे, योना. तो देवापासून पळून जहाजाच्या तळाशी जाऊन झोपला होता आणि कप्तानाने त्याला हलवून उठवलं, झोपतोस काय, उठ, तुझ्या देवाला हाक मार. दोघांची झोप वेगळी, पण उठवणाऱ्यांची भाषा बघा, सारखीच. कुणी हात जोडून विनंती करत नाहीये, सरळ खडसावतायत. आणि बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात तर हे देवालाच ऐकवलंय, 44व्या स्तोत्रात, प्रभू, जागा हो, झोपलास का. जिथे 121वं स्तोत्र म्हणतं की इस्राएलचा राखणदार डुलकीसुद्धा घेत नाही, त्याच पुस्तकात हे पण आहे आणि कुणी ते खोडलेलं नाही. म्हणून "देवाला असं बोलू नये" असं कुणी सांगितलं तर मी म्हणतो, बोलावं, शिष्य बोलले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. हाच प्रसंग मत्तयच्या सुवार्तेत आठव्या अध्यायात पण आहे. तिथे येशू आधी शिष्यांना विचारतो, का घाबरलात, आणि मग उठून वाऱ्याला दटावतो. मार्कमध्ये उलटं. आधी वारा थांबवतो, समुद्र निवळतो, आणि त्यानंतर विश्वासाचं विचारतो. मला मार्कची मांडणी जवळची वाटते. म्हणजे त्याने आधी विश्वास तपासला, पास झाले, मग मदत केली असं काही नाही. विश्वास होता की नव्हता ते नंतर, आधी होडी वाचली.

हे सांगायचं कारण असं की ह्या वचनाचा आमच्याकडे छडीसारखा वापर होतो. 2009च्या फयान चक्रीवादळात ह्या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी परत आले नाहीत. नंतर एका प्रार्थनेला एका आईसमोर कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणालं की प्रार्थनेत विश्वास पूर्ण असेल तर वादळ थांबतंच. ती बाई काही बोलली नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली, आणि परत कधी प्रार्थनेला आली नाही. मला अजूनही त्या वाक्याचा राग येतो. वचन कुणाचं, आणि मारताय कुणाला!

आणि असं म्हणणाऱ्यांनी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 27वा अध्याय वाचलेला नसतो. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतात, जहाजावर 276 माणसं, वादळ काही एक दिवसाचं नाही, चौदावी रात्र उजाडते. खलाशी बुडीद, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टाकून पाण्याची खोली मोजतात, वीस वाव, थोडं पुढे पंधरा वाव, खडकावर आपटू नये म्हणून मागून चार नांगर सोडतात आणि दिवस कधी उगवतो याची वाट बघतात. हे वाचून दाखवलं तेव्हा आमचा तांडेल म्हणाला, हे लिवणारो जहाजावर होतो, घरात बसान लिवलेला नाय ह्या. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तरी वादळ थांबलं नाही, जहाज फुटलं, माणसं पोहत आणि फळ्यांना धरून माल्टाच्या किनाऱ्याला लागली. आणि ती काही पौलाची पहिली वेळ नव्हती, करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात त्याआधीच लिहून गेलाय की तीनदा जहाज फुटलं, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात काढला.

हो, माहितीय पुढे काय विचारणार, पौलाच्या जहाजावरची माणसं वाचली तरी, आमची वाचली नाहीत, त्याचं काय? त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि कुणी खिशात घेऊन फिरत असेल तर मी त्याच्यापासून जरा लांबच बसतो. 44वं स्तोत्र पण उत्तर न मिळताच संपतं, शेवटची ओळ हाक आहे, त्यापुढे देवाचं बोलणं नाही.

तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं मे 2021मध्ये, आणि महिन्याभराने, 20 जूनच्या रविवारी, मिस्सातला पाठ हाच होता, मार्क 4, कुणी मुद्दाम निवडलेला नाही, मिस्सातल्या पाठांच्या तीन वर्षांच्या चक्रात त्याची पाळी होती. कोरोनामुळे चर्च बंद, मिस्सा मोबाईलवर, घरावर ताडपत्री, मागे दोन हापूस मुळासकट आडवे. पहिलं वाचन बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं, देव समुद्राला सांगतो इथपर्यंतच ये, पुढे नको. आमच्याकडे ऐकून आईच म्हणाली, "मगे ह्या वर्सा इसारलो वाटता." आम्ही हसलो. ते हसणं मला प्रार्थनेपेक्षा वेगळं वाटलं नाही.

एक गोष्ट राहिली, ती एका पोराने विचारली होती. मार्क म्हणतो त्याच्याबरोबर आणखीही होड्या होत्या, मत्तय आणि लूक हे सांगत नाहीत. त्या होड्यांचं काय झालं? मार्क पुढे त्यांचं नावही घेत नाही. पण वारा पडला तो फक्त एका होडीपुरता थोडाच पडणार, म्हणजे त्यांच्यावरचं संकटही टळलं असणार, आणि त्यांनी तर कुणाला उठवलंही नव्हतं, कदाचित कुणी वाचवलं तेही कळलं नसेल.

आता पलीकडे उतरल्यावर पाचव्या अध्यायात जी दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात जातात त्यांचं कृपा करून लगेच विचारू नका, त्यावर तांडेलचे प्रश्न आधीच येऊन पडलेत.