कस्टमवाले काका आणि कदंबांचं बंदर

मी गाईड. पणजीहून मडगावकडे जाणारी बस गोवा वेल्ह्याला थांबवायला सहसा धजत नाही. दाखवायचं काय? शेतं, माड आणि हायवे! पण त्या दिवशी ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपमध्ये कस्टममधून निवृत्त झालेले एक काका होते. इथं कदंबांचं, म्हणजे गोव्यावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याचं बंदर होतं म्हटल्यावर ते हट्टालाच पेटले. ओहोटीची वेळ होती. चौघापाचजणांना घेऊन झुआरीच्या काठावर उतरलो. बाकीच्यांनी बसमध्येच चिवड्याचे डबे उघडले.

चिखलातून जांभ्याच्या चिऱ्यांची रांग वर आलेली. कडा झिजलेल्या, भोकाभोकांत गाळ, कालवं चिकटलेली. काकांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि थेट विचारलं, "वसुली कोणाकडे होती?"

इतकी वर्षं हे काम करतोय, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सगळे राजवाडा विचारतात.

सांगितलं, की कदंब राजा पहिल्या जयकेशीचा 1053 चा ताम्रपट आहे. सधन नावाच्या अरब वंशाच्या अधिकाऱ्याला त्यानं मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांकडून कर घ्यायची मुभा दिली.

"वसूल तोच करणार, खर्चही तोच? आमच्या ऑडिटनं फाडून खाल्लं असतं!"

मग मागची गोष्ट सांगावी लागली. कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला असता वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला, तेव्हा मदुमद या श्रीमंत अरब व्यापाऱ्यानं त्याला मदत केली. सधन या मदुमदचा नातू.

"म्हणजे आजोबांच्या पुण्याईवर नातवाला नाका मिळाला."

काका हसले, पण मला ते तेवढंच वाटत नाही. चांदोरची जुनी राजधानी सोडून कदंब इथं आले ते या बंदरासाठी. जहाजवाले रुसले असते तर जकात कोणाकडून घेणार होते? चौदाव्या शतकातल्या दिल्लीच्या स्वाऱ्या आणि झुआरीत साचलेला गाळ, दोन्हींनी हे बंदर बुडवलं. व्यापार मांडवीकाठच्या एल्याला, म्हणजे आजच्या ओल्ड गोव्याला गेला. तेच पुढे 1510 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलं.

काकांचं समाधान झालं नव्हतंच. कुठ्ठाळीचा पूल ओलांडला तरी मागच्या सीटवरून विचारणा चालू होती, "पण पावती द्यायचे का हो?"